मिसरी पुरुषाचे पाठीवरील हाताची हकीकत

श्रीगजाननास वंदन, शारदेस वंदन, आणि ऐकावयास थोर मंडळी बसली आहेत त्यांस वंदन. शके अठराशे बत्तीस, साधारणनाम संवत्सर, कार्तिक मास, ते साली एका राज्यात जे वर्तमान घडले ते पुढे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिले नाही, कारण त्या वेळची काही मंडळी हयात आहेत आणि काहींचे नातू हुद्द्यांवर आहेत. आपण पुसिले की, "अजबखान्यातील मिसरी पुरुषाचे पाठीवर हात आहे, तो वाचला कैसा?" तर ज्यांनी पाहिले त्यांचे तोंडून ऐकिले ते येणेप्रमाणे.

थोरले महाराज विलायतेहून परतते समयी मिसर देशी उतरले. तेथील दगडाचे डोंगर पाहावे ऐसी इच्छा जाहली, म्हणोन उंटावर आरूढ जाहले, आणि उंट बसता बसता एकाएकी उठला, आणि महाराज खाली आले, आणि कंबर दुखावली. हकीम बोलिले की एक महिना हालचाल करू नये. मग महाराज महिनाभर एका सराईत उताणे निजून राहिले आणि नोकर माणसे पंख्याने वारा घालीत राहिली. एके दिवशी तेथील एक व्यापारी पाषाणाची मूर्ती घेऊन आला. मूर्ती ताठ पाठीने बसलेली होती. महाराजांस ते समयी बसणे म्हणजे काय याचाच विसर पडत चालला होता, ते पाहून बोलिले, "हा गृहस्थ कैसा बसला आहे पाहा! यास बरोबर घ्या." मग मूर्ती पेंढ्यात गुंडाळून सागवानी पेटीत घातली, आणि जहाजावर चढविली, आणि शके अठराशे तेरा साली ती राज्यात येऊन पोहोचली. राज्यात हत्ती कमी होत होत एकच उरला होता, सबब जुना पीलखाना रिकामा पडला होता. त्यास चुना देऊन तेथे अजबखाना केला होता. तेथे परदेशची शस्त्रे, पेंढा भरलेली सुसर, दोन डोक्यांचे वासरू आणि बंद पडलेली घड्याळे यांचे पंक्तीस मिसरी पुरुष विराजमान जाहले.

मूर्तीचे वर्णन ऐसे की, उंची दोन हात, पाषाण पांढरा, चुनखडीचा, आणि त्यावर रंग दिलेला. अंगाचा रंग काव लावावी तैसा तांबडा, कमरेस आखूड शुभ्र वस्त्र, केस काळे, डोळ्यांस काजळासारखी रेघ, आणि दोन्ही हात मांड्यांवर. बैठक दोन माणसे बसतील इतकी रुंद होती, परंतु डावे अंगास पाषाण तुटून गेला होता आणि तेथे खडबडीत भाग राहिला होता. आसन इतके मोठे असता हा पुरुष एके कडेस सरकून का बसला, हे त्या वेळी कोण्ही मनास आणिले नाही. मूर्ती भिंतीपासून पाच-सहा बोटे अंतरावर ठेविली, आणि एकोणीस वर्षे तेथून हालविली नाही.

याच साली अजबखान्याचे झाडलोटीस कोंडाबाई परटीण रुजू जाहली. वय तिशीचे आत, अंगाने किरकोळ, बोलणे थोडके. तिचे सासरचे सर्व लोक नदीचे घाटावर कपडे धुवीत, आणि तीही पहाटे घाटावर जाऊन मग दिवसा अजबखान्यात येई. मूर्ती आली त्या दिवशी एका शिपायाने ओले फडके घेऊन तिचे पायांवरील प्रवासाची धूळ पुसावयास आरंभ केला. एक पाऊल पुसले तो फडके तांबडे जाहले. शिपाई खुशीत बोलिला, "बघा केवढी घाण निघाली!" कोंडाबाई तेव्हा दाराशी केरसुणी घेऊन उभी होती. ती पुढे आली आणि फडके त्याचे हातातून काढून घेतले आणि बोलली, "घान न्हवं ती, रंग हाय. कच्चा रंग हाय ह्यो. पानी लागलं तर धुवून निघंल." अजबखान्याचे दारोगा नीळकंठपंत तेथेच होते. त्यांस शास्त्र ठाऊक होते परंतु रंग कच्चा कोणता आणि पक्का कोणता हे ठाऊक नव्हते, आणि परटीण सांगते तर खरे असेल ऐसे मानून त्यांनी आज्ञा केली की, "या मूर्तीस आजपासून हिच्याशिवाय कोण्ही हात लावू नये." तेव्हापासून जुन्या धोतराचे मऊ झालेले कोरडे फडके घेऊन कोंडाबाई रोज मूर्ती पुशी. ते एक पाऊल मात्र फिके राहिले ते अद्याप तैसेच आहे.

भिंत आणि मूर्ती यांमधील फटीत दुसऱ्या कोणाचा हात जात नव्हता, तिचा जात असे. रुजू जाहल्यावर आठवड्याचे आत तिचे बोटांस उजवे खांद्याचे मागे एक उंचवटा लागला. प्रथम तिला वाटले की दगड तैसाच सोडला असेल. मग रोज फडके फिरवता फिरवता तिला कळत गेले की, हा उंचवटा चार ठिकाणी विभागलेला आहे, आणि पाचवा भाग आखूड व बाजूस आहे, आणि प्रत्येकाचे टोकास नखाएवढी गुळगुळीत जागा आहे. डोळ्यांनी तिने तो तीन वर्षांनी पाहिला, जेव्हा चुना देणाऱ्यांनी पलीकडचे कपाट हालविले आणि खिडकीचा उजेड त्या फटीत पडला. मनगटापर्यंतचा हात होता, पुढे तुटलेला. पुरुष तांबडा आणि हात पिवळा, हळदीसारखा नव्हे, पिकल्या लिंबासारखा. कोंडाबाईने तो पाहिला आणि फडके फिरवून पुढचे कामास लागली. कोणास बोलली नाही.

इकडे नीळकंठपंत हे सज्जन आणि अभ्यासू, परंतु भिडस्त. त्यांनी मूर्तीवर बहुत विचार करून पाटी लिहिली होती की, "मिसर देशीचा राजपुरुष. विरक्त. एकांतात बसलेला." आणि याच विषयावर चाळीस पानांचे पुस्तक रचून थोरल्या महाराजांपुढे वाचले होते, तेव्हा महाराजांनी संतोष पावून शालजोडी दिली होती. पंतांचे आयुष्यात मानाची गोष्ट ती एवढीच. थोरले महाराज वैकुंठवासी जाहले आणि धाकटे महाराज गादीवर आले, तरी दर दसऱ्यास पंत तीच शालजोडी पांघरून दरबारात जात.

ऐसे असता धाकट्या महाराजांनी नवा दरबार महाल बांधविला. काम दिवाण भगवंतराव यांचे देखरेखीखाली जाहले. दिवाणजी कर्तबगार, कामास कठीण, आणि एकदा शब्द तोंडातून गेला म्हणजे तो माघारी घेणे त्यांस ठाऊक नव्हते. त्यांनी सिंहासनाचे उजवे अंगास एक सुरेख कोनाडा करविला, संगमरवरी चौकट, वर कमळ, आणि ठरविले की मिसरी पुरुष येथे बसवावा, म्हणजे महालाचे उद्घाटनास साहेब लोक येतील ते पाहून थक्क होतील. मापे घेतली ती पुढून घेतली. मग कार्तिक शुद्ध दशमीस मूर्ती आठ माणसांनी उचलून नव्या महालात आणिली, आणि कोंडाबाई फडके घेऊन मागोमाग आली, आणि मूर्ती कोनाड्यात सरकविली, तो मागे अडली आणि पुरती आत जाईना. पुन्हा सरकविली, पुन्हा अडली. सिदोजी पाथरवट यास बोलाविले. त्याने मागे हात घालून चाचपले आणि सांगितले की, "सरकार, पाठीला कायतरी उंच हाय. तीन बोटं कमी पडत्यात." दिवाणजी बोलिले, "मग ते उंच आहे ते उडवा. पाठ भिंतीकडे जाणार, कोण पाहतो? पाठ साफ करा, आणि मूर्ती रिठ्याचे पाण्याने धुऊन लख्ख करा. उद्या दुपारी महाराज पाहावयास येतील तो मूर्ती जागेवर पाहिजे." सिदोजीने मान लवविली. पंतांनीही मान लवविली. कोंडाबाई खांबाशी उभी होती. तिचे हातातील फडके खाली पडले आणि तिने ते उचलले.

दिवाणजी गेल्यावर तिने पंतांस गाठले आणि बोलली, "पंत, त्यो उंचवटा न्हवं." पंत बोलिले, "मग काय आहे?" ती बोलली, "हात हाय. बाईचा." पंत हसले आणि बोलिले, "कोंडाबाई, हा पुरुष विरक्त आहे. याचे पाठीवर बाईचा हात कोठून येणार?" ती बोलली, "त्ये मला ठावं न्हाई. तुमी बघा." मग मूर्ती मजुरांकडून हातभर पुढे ओढविली, आणि पंतांनी महालातील एक छोटा आरसा आणविला आणि कोनाड्यात तिरपा धरिला, आणि खिडकीतून कलते ऊन येत होते ते आरशावर घेऊन पाठीवर पाडिले. आणि पाहिले. पाच बोटे, नखे पांढरी रंगविलेली, मनगटावर कंकणाची निळी रेघ. हात खांद्याचे मागे उताराने विसावला होता. त्यांस त्याच क्षणी कळून आले की, तुटलेले डावे अंगास कोणी बसलेले होते, आणि आसन रुंद का, आणि पुरुष कडेस का, आणि आपली पाटी काय, आणि चाळीस पाने काय. मग बोलिले, "तुला केव्हापासून ठाऊक?" ती बोलली, "मूर्ती आली तवापासनं." पंत बोलिले, "आणि माझे पुस्तक तू ऐकले होतेस." ती बोलली, "दाराशी बसून ऐकलं. लई चांगलं वाचलं तुमी." पंतांस याहून शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

मग ती बोलली, "दिवानसायबास्नी सांगा. तुमचं ऐकतील." पंतांनी आरसा खाली ठेविला आणि रुमालाने तोंड पुसले आणि बोलिले, "पाहतो." ती उभीच राहिली. पंत पुन्हा बोलिले, "पाहतो म्हणालो ना," आणि निघून गेले. परंतु दिवाणजींकडे गेले नाहीत. घरी गेले, शालजोडीची पेटी उघडली आणि बंद केली, आणि कुटुंबास सांगितले की आज जेवावयास नको. ही गोष्ट पुढे पंतांनी स्वतःच सांगितली, म्हणोन येथे लिहिली.

दुसरे दिवशी सकाळी कोंडाबाई घाटावर न जाता थेट महालात आली. पाहते तो सिदोजी छिन्नी-हातोडी मांडून बसलेला, आणि खडूने त्या हाताभोवती गोल वेढा काढलेला, आणि बाजूस रिठ्याचे पाण्याची घागर. ती बोलली, "सिदूदादा, पंत आलते का?" तो बोलिला, "न्हाई बा." तेव्हा तिने जाणिले की पंत येणार नाहीत. मग ती बोलली, "छिन्नी लावायच्या आदी तुझी बोटं लाव तितं. नीट लाव." सिदोजी बोलिला, "काल लावली की." ती बोलली, "काल माप घेन्यासाठी लावलीस. आज काम बघन्यासाठी लाव." सिदोजीने हात घातला. तो जन्मभर देवळांचे काम केलेला माणूस, त्याचे बोटांस डोळ्यांपेक्षा जास्त दिसत असे. बोटे एका सांध्यावरून दुसऱ्यावर गेली, मग नखांवर आली, आणि तेथे थांबली. मग त्याने हात बाहेर काढिला आणि धोतरास पुसला आणि बोलिला, "आयला! कोनाला दिसनार न्हवतं, तरी नखाच्या कडा सुदीक उचलल्यात." आणि हातोडी दूर सरकविली. कोंडाबाई बोलली, "मग?" तो बोलिला, "मग काय? म्या न्हाई म्हनलं तर दुसरा येतोय. तासाभराचं काम हाय." मग छिन्नीवर अंगठा फिरवून बोलिला, "छिन्नीला धार न्हाई. लोहाराकडं जाऊन येतो. लोहार लांब ऱ्हातोय." आणि सर्व हत्यारे झोळीत भरून गेला. रिठ्याची घागर कोंडाबाईने उचलून अंगणात तुळशीस घातली. रिठ्याचे पाणी तुळशीस चालते किंवा कैसे हे पाहावयास तिला सवड नव्हती.

दुपारी महाराजांची स्वारी आली. बरोबर दिवाण भगवंतराव, चोपदार, चार मानकरी, आणि सर्वांचे मागे नीळकंठपंत, तोंड उतरलेले. मूर्ती कोनाड्यापुढे हातभर अंतरावर तैसीच उभी, पाठीस खडूचा वेढा, आणि बाजूस कोंडाबाई. दिवाणजी संतप्त जाहले आणि बोलिले, "पाथरवट कोठे आहे? काम का जाहले नाही? आणि तू येथे काय करतेस? बाजूस हो." कोंडाबाई बाजूस जाहली नाही. हे सिदोजीने दारातून पाहिले, कारण तो लोहाराकडे गेलाच नव्हता, बाहेर भिंतीस टेकून बसला होता. ती खाली वाकली आणि महाराजांस मुजरा केला आणि बोलली, "म्हाराज, एकडाव मागनं बघा." दिवाणजी बोलिले, "चोपदार!" महाराजांनी हात वर केला, चोपदार थांबला. महाराज वयाने तीस, स्वभावाने शांत, आणि राज्यात त्यांस जे दाखवीत ते सर्व पुढून दाखवीत. मागून पाहा ऐसे त्यांस आजवर कोण्ही बोलिले नव्हते. ते बोलिले, "मागे काय आहे?" ती बोलली, "त्ये तुमीच बघा. म्या सांगितलं तर परटिनीचं बोलनं हुईल."

महाराज मूर्तीचे बाजूस गेले आणि कोनाड्यात डोके घालू लागले, तो पगडी चौकटीस अडली. तेव्हा महाराजांनी पगडी काढून मानकऱ्याचे हाती दिली, आणि उघडे डोकीने आत वाकून पाहिले. सर्व मंडळी खाली मान घालून उभी राहिली, कारण महाराजांस बोडके पाहणे योग्य नव्हे. विडा लावावयास लागतो तितका वेळ महाराज वाकून होते. मग बाहेर आले आणि बोलिले, "दिवाणजी, तुम्हीही पाहा." दिवाणजी चौकटीकडे पाहून बोलिले, "सरकारांनी पाहिले ते पुरे आहे. माझे पाहण्याची गरज नाही." परटिणीसमक्ष डोक्यावरची पगडी उतरविणे त्यांस कबूल नव्हते हे सर्वांनी ओळखिले. त्यामुळे जे घडले ते ऐसे की, त्या दिवशी त्या महालात त्या हाताविषयी सर्वांत जास्त बोलिले ते दिवाणजी, आणि तो ज्यांनी पाहिला नव्हता तेही तेच.

दिवाणजी बोलिले, "मनगटाचा तुकडा आहे ऐसे समजू. परंतु कोणाचा? कोण्ही शत्रू मागून धरीत असेल. कोण्ही हुजऱ्या अंग चेपीत असेल. तुटका तुकडा, भिंतीकडे जाणार, त्यासाठी संगमरवरी चौकट फोडावी काय? चौथे दिवशी साहेब येणार." बोलणे बिनतोड होते. महाराजही चौकटीकडे पाहू लागले, कारण चौकट खरोखर सुरेख जाहली होती. मग कोंडाबाईस पुसिले, "बाई, हा हात शत्रूचा नव्हे, चाकराचा नव्हे, हे तू कशावरून म्हणतेस?" कोंडाबाई बोलली, "म्हाराज, आमचा धनी शेवटची चार वर्सं डोळ्यानं गेला हुता. घाटावर यायचा त्यो माज्या खांद्यावर हात ठिवून. तवा म्या रोज पाठीमागनं हात बघितलाय, न बघता. वाट सापडंना की बोटं रुतायची. रागावला की ढकलायचा. आन् दगडावर नीट बसला, आता कुटं जायाचं न्हाई, मी हितंच हाय आसं कळलं, म्हंजी मग हात असा ऱ्हायचा." आणि आपला हात हवेत धरून दाखविला, बोटे सैल. "ह्यो त्यो हात हाय. चाकर आसा हात ठिवत न्हाई. वैरी तर न्हाईच न्हाई." धनी वारल्यापासून सात वर्षांत ती त्याविषयी कोणाजवळ बोलली नव्हती, आणि बोलली ती दरबारात.

महाराज पंतांकडे वळले आणि बोलिले, "पंत, तुमचे पुस्तक आम्ही लहानपणी ऐकले आहे. तुम्ही काय म्हणता? हे तुम्हांस ठाऊक होते?" ते समयी पंतांनी नाही म्हटले असते तर निभावले असते. दिवाणजींनी त्यांस डोळ्यांनी तैसी खूणही केली. परंतु पंत पुढे आले आणि बोलिले, "काल ठाऊक जाहले, सरकार. या बाईने दाखविले. हात स्त्रीचा आहे. तिकडे स्त्रियांस पिवळा आणि पुरुषांस तांबडा रंग देण्याची चाल, हे मी वाचले होते, परंतु पाठीमागे पाहिले नव्हते. डावे अंगास याची बायको बसलेली होती. माझी पाटी खोटी, पुस्तक खोटे. आणि काल ठाऊक होऊनही मी गप्प राहिलो, ते शालजोडी जाईल म्हणोन." आणि मान खाली घातली.

मग महाराज बोलिले, "शालजोडी वडिलांनी दिली, ती आम्ही घेत नाही. पाटी मात्र नवी लिहा." आणि दिवाणजींस बोलिले, "चौकटीस हात लावू नका, मूर्तीसही लावू नका. कोनाडा रिकामा राहू द्या. मूर्ती महालाचे मध्ये चौथऱ्यावर ठेवा, माणसास भोवती फिरता येईल ऐसी." दिवाणजी बोलिले, "आज्ञा." आणि पगडी नीट बसलेली असता ती दोन्ही हातांनी पुन्हा नीट केली. महाराजांनी कोंडाबाईस पुसिले, "एकोणीस वर्षे बोलली का नाहीस?" ती बोलली, "त्याला कुनी काय करत न्हवतं, मग कशाला बोलू?"

चौथे दिवशी साहेब लोक आले, उद्घाटन जाहले, आणि साहेबांची मडम मूर्तीचे मागे गेली ती बराच वेळ तेथेच राहिली, आणि साहेबांस बोलावून नेले, मग तेही राहिले. भोजनास सर्वांस उशीर जाहला आणि पुऱ्या निवाल्या. कोनाड्यात शेवटी फुलदाणी ठेविली.

आता पुढील वर्तमान. दरबार उलगडून महिना जाहला नाही तोच दिवाणकचेरीतून हुकूम निघाला की, कोंडाबाई परटीण हिचे वय जाहले, सबब तिला झाडलोटीचे कामावरून दूर केले आहे. तिचे वय तेव्हा सत्तेचाळीस. महाराज ते समयी शिकारीस गेले होते, आणि आल्यावर त्यांस कोण्ही सांगितले नाही, आणि त्यांनीही पुसिले नाही. पंत दिवाणजींकडे गेले, या खेपेस खरोखर गेले, आणि विनंती केली. दिवाणजी बोलिले, "तुमची जागा आहे ती सांभाळा." पंत परतले. दुसरे दिवशी पहाटे नदीचे घाटावर उभे राहिले, पायांत जोडा, अंगावर उपरणे, आणि परटांची सर्व मंडळी धुणे थांबवून पाहू लागली. कोंडाबाई गुडघाभर पाण्यात होती. पंत बोलिले, "कोंडाबाई, नव्या माणसाचे हाती मूर्ती देववत नाही. मी स्वतः पुसणार आहे. फडके कैसे धरतात ते दाखव." ती पाण्यातून वर आली, हात पदरास पुसून कोरडे केले, आणि एक जुने धोतर फाडून चार पदरी घडी केली, आणि घाटाचे पायरीवर फिरवून दाखविली. "दाबायचं न्हाई. वरनं खाली न्यायचं, उलटं न्हाई. आन् घाम आला तर थांबायचं, थेंब पडंल." पंतांनी तैसे करून दाखविले. ती बोलली, "जरा हळू." त्यांनी पुन्हा केले. मग ती बोलली, "हां."

पंतांनी पाटी नवी लिहिली. त्यात लिहिले की, "मिसर देशीचे दांपत्य. स्त्रीचा केवळ हात राहिला आहे. तो कोंडाबाई परटीण हिने ओळखिला." दिवाणकचेरीतून शेवटचे वाक्य काढण्याविषयी तीन पत्रे आली. पंतांनी तिन्ही वाचून पेंढा भरलेल्या सुसरीचे खाली ठेविली.

दोन वर्षांनी समुद्रापलीकडून हार्टविग नावाचे विद्वान त्या देशीची चित्रलिपी वाचणारे आले. मूर्तीभोवती फिरता फिरता आसनाचे मागील अंगास, तुटलेल्या कडेजवळ, त्यांस बारीक अक्षरांची ओळ दिसली. एकोणीस वर्षे ती भिंतीकडे राहिली, पुढे लोक मागे जात ते हातच पाहत, म्हणोन ती अक्षरे आहेत हे आजवर कोण्ही ओळखिले नव्हते, आणि कोंडाबाईचे बोटांस लागली असेल तर ती खरबरीत पाषाण समजून पुढे गेली असेल. साहेब दोन दिवस भिंग घेऊन गुडघ्यांवर बसले आणि पंतांस अर्थ सांगितला. पंत तो ऐकून तैसेच घाटावर आले, अंगरख्याचे बंदही न बांधता. कोंडाबाई तेव्हा थकली होती, धुणे सून करी, आणि ती पायरीवर बसून सुकलेल्या कपड्यांच्या घड्या घाली. पंत शेजारचे पायरीवर बसले. आणि बोलिले, "त्याचे नाव नखती. कोठारांवरचा अधिकारी होता. तो बहुत काळापूर्वीचा, किती ते साहेब सांगतात परंतु माझे ध्यानात येत नाही." ती बोलली, "आन् तिचं?" पंत बोलिले, "लिहिले आहे की, त्याची बायको, त्यास प्रिय, घराची स्वामिनी, हेनु... आणि पुढे पाषाण तुटला आहे. पुढची अक्षरे गेली. साहेब म्हणतात, किती होती तेही सांगता येत नाही." कोंडाबाईने हातातील घडी पुरी केली आणि गठ्ठ्यावर ठेविली आणि एकदा म्हणून पाहिले, "हेनू." मग बोलली, "अर्धं तर अर्धं. लिवून ठेवा पंत, माज्या ध्यानात ऱ्हायचं न्हाई." पंतांनी तेथेच पायरीवर कागद काढून लिहिले.

एकूण मजकूर इतका. हात वाचला, चाकरी गेली, नाव अर्धे मिळाले. नाव पंतांचे हातचा तो कागद पाहून उतरले आहे, बाकी ऐकिले तैसे लिहिले आहे. अक्षर कोठे चुकले असेल तर दोष उतरणाराचा, हकीकत मात्र खरी. इति.